टपावरचे ऊन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्याकडून आत घुसले, तेव्हा अम्मी म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी होती आणि मी लॉकडाऊनमुळे जोगेश्वरीत अडकले होते. टॉवर बंद पडल्याने फोन लागेना. पाचव्या दिवशी भाईजानचा आवाज ऐकू आला. "निम्मी कौलं गेली, पण माणसं सलामत आहेत."

अम्मीला जुना दमा आहे. दिवसातून तीनदा वाफेचे मशीन, म्हणजे नेब्युलायझर, घ्यावे लागते आणि ते विजेवर चालते. वादळानंतर शेजारच्या मोहल्ल्यात एका घरी जनरेटर होता, तिथे तिला स्कूटरवर बसवून नेत. मग पेट्रोल मिळेनासे झाले. इनहेलरही संपत आला होता. एक अख्खी रात्र ती भिंतीला पाठ टेकून बसून राहिली आणि फजरच्या सुमारास तिचा जरा डोळा लागला. हे मला तिने सांगितले नाही, भाईजाननेच नंतर सांगितले. त्या भागातल्या कित्येक गावांत वीज यायला काही आठवडे लागले.

एवढे होऊनही अम्मी मुंबईत राहायला तयार नाही. "तुमच्या चौथ्या मजल्यावर मला हवाच पुरत नाही," हे तिचे ठरलेले उत्तर. वर्षातले काही महिने गावी, काही माझ्याकडे, काही मुंब्र्याला धाकट्या बहिणीकडे. मग सोलर पॅनेल बसवायचे तर कोणत्या घरावर? गावच्या कौलांचा भरवसा मी स्वतः पाहिला होता. जोगेश्वरीच्या इमारतीची गच्ची सोसायटीची. उरली आमची जुनी ईको गाडी, जी अम्मी जाईल तिथे जाते.

ही कल्पना माझी नव्हे. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक असलेले चेतनसिंह सोळंकी यांनी २६ नोव्हेंबर २०२० रोजी भोपाळहून 'एनर्जी स्वराज यात्रा' सुरू केली. २०३० पर्यंत घरी न जाता बसमध्येच राहून देश फिरायचा, असा त्यांचा संकल्प. बसच्या टपावर ३.२ किलोवॉटचे पॅनेल, आत ६ युनिट वीज साठवणारी बॅटरी. दिवे, शेगडी, लॅपटॉप सगळे त्यावर. सोळंकींचे एक सांगणे मला पटले होते: आधी वीज वापरणे टाळा, मग जमेल तितकी कमी करा, आणि उरलेली स्वतः तयार करा. आपण नेमके उलटे करतो.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. तरी दहावीतल्या मुलाला घेऊन बसले आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. मशीन १५० वॉटचे, दहा मिनिटे चालते, म्हणजे एका वेळेस २५ वॉट-तास. तीन वेळांचे ७५. वीस वॉटचा छोटा पंखा आठ तास, १६०. दिवा २०, मोबाइल ४५. बेरीज ३००. शंभर वॉटचे एक पॅनेल टपावर आडवे ठेवले, तर दिवसभरातले ऊन चार तासांच्या कडक उन्हाइतके धरायचे, त्यातला चौथा हिस्सा तारा, उष्णता आणि धुळीत जातो. राहिले तेही ३००. म्हणजे एक ढग आला की अम्मीचा पंखा बंद. म्हणून शंभराची दोन पॅनेल घ्यायची आणि दुसरी कोणतीही चैन करायची नाही, असे ठरले. मुलाने मिनी फ्रिजचे नाव काढले होते, ते तिथेच खोडले.

मग उपनगरांची फेरी सुरू झाली. चार्ज कंट्रोलर आणि इन्व्हर्टरसाठी लॅमिंग्टन रोडला जावे लागले, पण बाकी सारे घराच्या आसपास मिळाले. कुर्ला पश्चिमेला गाड्यांच्या जुन्या सामानाच्या बाजारात टपावरचे कॅरियर, साकीनाक्याला खैरानी रोडवर ॲल्युमिनियमचे अँगल कापून आणि भोके पाडून. तिथल्या कारागिराने विचारले, "मॅडम, फूड ट्रक काढताय का?" अम्मीसाठी आहे म्हटल्यावर त्याने नायलॉनची चकती असलेले नट आपणहून दिले; साधे नट गाडीच्या हादऱ्याने सुटतात म्हणाला. एवढा मोलाचा सल्ला आणि पैसे चहाचे!

गाडीच्या टपाला आम्ही एकही भोक पाडले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तो बदल करता येत नाही. म्हणून पॅनेल कॅरियरला बोल्टने आवळलेले, काढता येण्यासारखे. (कोणी आमचे पाहून करणार असेल तर आधी आरटीओत विचारावे.) शिवाय भोक म्हटले की मुंबईचा पाऊस आत आलाच. पॅनेल आणि टप यांच्यात दोन इंच जागा ठेवली, कारण पॅनेल जितके तापते तितकी वीज कमी देते. खालून वारा हवा. वायर मागच्या दाराच्या रबरातून आत घेतली, पण रबराआधी तिला खाली झोळ दिला. पावसाचे पाणी वायरीवरून ओघळते आणि झोळाच्या तळाशी ठिबकून जाते, आत शिरत नाही.

चूक झाली ती माझ्या हातून. घरातल्या २३० व्होल्टवर हे मशीन एक अँपिअरही घेत नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेच मशीन चालवायला बारा अँपिअरहून जास्त ओढावे लागतात. मी बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये घरातली उरलेली बारीक वायर लावली, लग नीट आवळला नाही, आणि फ्यूज "उद्या आणू" म्हणून सोडला. चाचणीच्या पाचव्या मिनिटाला जळका वास. वायरचे आवरण मऊ पडले होते. मुलाने झटकन स्विच बंद केला. अम्मी गाडीत झोपलेली असती तर? त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी जाड वायर, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. जोडण्याचा क्रमही कागदावर लिहून झाकणाला चिकटवला: आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना आधी पॅनेल. सगळा खर्च अठ्ठावीस हजारांच्या घरात गेला, त्यात निम्मा लिथियम बॅटरीचा.

आणि मग कळले की आपल्याकडे ऊनच नाही. आमच्या कंपाउंडमध्ये दोन बाजूंना टॉवर. ऊन साडेअकराला उतरते आणि पावणेदोनला निघून जाते. त्यातही गुलमोहराच्या फांदीची सावली एका पॅनेलवर पडली की मीटरवरचा नऊचा आकडा पाचावर येई. पॅनेलमधले सेल माळेसारखे एकामागून एक जोडलेले असतात, एकावर सावली पडली की सबंध माळ अडते. दोन पॅनेल वेगवेगळी जोडली म्हणून निदान दुसरे चालू राहिले. वर मेट्रोच्या कामांची धूळ आणि कबुतरांची मेहेरबानी. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत इतकी माणसे राहतात, पण जमिनीवर पूर्ण दिवसाचे ऊन किती जणांच्या वाट्याला येते? गच्ची ज्याची, ऊन त्याचे.

शेवटी मुख्याध्यापिकांना विचारून एका रविवारी गाडी शाळेच्या मैदानावर उभी केली. सकाळी आठपासून असरपर्यंत मोकळे ऊन. आसपास राहणारी माझी मुले जमली. एकाने विचारले, "मॅडम, हे शम्सी तवानाई ना? मराठीत काय?" सौर ऊर्जा, मी म्हटले. आठवीच्या एका मुलीने पॅनेलवर हात धरला, आकडा घसरला. हात काढला, चढला. नंतर तासभर रांग लागली. धडा शिकवून जे समजले नसते ते तळहाताने समजले.

मे महिन्यात अम्मीला घेऊन गावी निघालो. मुलाच्या मांडीवर मीटर. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला मेट्रो ६ च्या पुलाची सावली कधी अंगावर, कधी बाजूला. आकडा दोन, सात, तीन. आयआयटीचे फाटक मागे पडले, घाटकोपरपर्यंत असाच लपंडाव. वाशीच्या खाडीपुलावर मात्र वर फक्त आकाश. "अम्मी, दस!" मुलगा ओरडला. अम्मीने तसबीह थांबवून विचारले, "दस क्या?"

गावी पोहोचलो तर अंगणात सगळ्यांचा एकच घोशा: गाडी आंब्याखाली लावा, तापेल. भाईजान, शेजारची खाला, वाटेने जाणारे सुद्धा. प्रत्येकाला समजावता समजावता माझा घसा बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली. ईको भर उन्हात उभी, अम्मी आंब्याखाली बाजेवर मशीनचा मास्क लावून बसलेली, आणि मध्ये अंगणातून गेलेली पंधरा फुटांची वायर. खाला मोबाइल आणि चार्जर घेऊन आली. अम्मीने मास्क न काढता हाताने तिला थांबायची खूण केली.