घाटावरचे पाणी, मुंबईचे दिवे

लोणावळ्याला जाणारा मुंबईकर साधारणपणे तीन गोष्टी करतो. पाऊस अंगावर घेतो, चिक्कीची पुडकी बांधून घेतो, आणि गर्दीला नावे ठेवीत रविवारी रात्री घरी परततो. हौशी असेल तर वळवणच्या तळ्याच्या काठावर उभा राहून कुटुंबाचे छायाचित्रही काढून घेतो. आपण ज्याच्या काठी उभे आहोत ते तळे देवाने केलेले नसून एका कंपनीने केलेले आहे, आणि घरी गेल्यावर आपण बटण दाबतो तेव्हा कदाचित याच तळ्यातले पाणी आपल्या दिव्यात उतरते, हे त्याच्या ध्यानी येत नाही. यायचे कारणही नाही. विजेला वास नसतो, रंग नसतो, आणि ती कुठून आली याची चिठ्ठी तिच्याबरोबर येत नाही.

आजकाल प्रत्येक मोठी कंपनी पर्यावरणाचा अहवाल काढते. गुळगुळीत कागद, हिरवी पाने, हसरी मुले. ते अहवाल मी वाचतो, पण एखाद्या कंपनीने निसर्गाशी कसा संसार केला हे पाहायचे तर ती जिथे शंभर वर्षे नांदली तिथे जावे, असे माझे मत आहे. महाराष्ट्रात तशी जागा शोधायला लांब जावे लागत नाही. लोणावळा, खोपोली, मुळशी आणि भिरा एवढी प्रदक्षिणा केली की टाटांच्या वीज कंपनीचा जमाखर्च डोळ्यांसमोर उभा राहतो.

या उद्योगामागची कल्पना साधी, आणि साधी म्हणूनच थोर आहे. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. कड्यावर उभे राहिले तर अरबी समुद्र पन्नास-साठ किलोमीटरांवर. पण हे पाणी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, इंद्रायणी, मुळा, भीमा, कृष्णा असा प्रवास करते आणि हजाराहून अधिक किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईच्या एका वास्तुविशारदाच्या मनात आले, की हे पाणी माथ्यावरच अडवले आणि बोगद्यातून, नळांतून कड्याखाली कोकणात सोडले, तर त्याच्या धडकेवर चाके फिरतील. जमशेटजी टाटांनी ही कल्पना उचलली. ते १९०४ साली वारले. दोराबजींनी १९१० साली कंपनी उभी केली, देशातल्याच लोकांकडून भांडवल गोळा केले, आणि १९११ साली वळवणच्या धरणाची कोनशिला बसली.

खोपोलीत उभे राहून वर पाहिले म्हणजे या कल्पनेचे शरीर दिसते. हिरव्या डोंगरावरून जाडजूड नळ खाली उतरलेले आहेत. वरच्या आणि खालच्या टोकांत सुमारे पाचशे मीटरांचे अंतर. एवढ्या उंचीवरून आलेले पाणी बारीक तोंडातून सुटते आणि चाकाच्या वाट्यांवर आदळते. १९१५ साली इथून निघालेली वीज सुमारे सत्तर किलोमीटर तारांवरून चालत परळला पोचली आणि गिरण्या तिच्यावर फिरू लागल्या.

त्या काळच्या गिरणगावाचे चित्र मनात आणल्याशिवाय या घटनेचे मोल कळायचे नाही. प्रत्येक गिरणीला आपले बॉयलर, आपली चिमणी, आपला कोळसा. धुराचा त्रास इतका, की त्याला आवर घालण्यासाठी १९१२ साली मुंबईत खास कायदा करावा लागला. दोऱ्यांवर वाळत घातलेले धोतर संध्याकाळी काळे व्हावे आणि लहान पोरांनी काजळी खोकावी, अशा वस्तीत घाटावरच्या पावसाने वीज आणली. कोळसा न जाळता, राख न टाकता. ‘पर्यावरण’ हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, पण पर्यावरणाचे याहून मोठे काम त्या दशकात मुंबईत दुसरे कोणते झाले, ते मला तरी सुचत नाही.

पुढे मागणी वाढली. ठोकरवाडीचे पाणी भिवपुरीला उतरले ते १९२२ साली, आणि मुळशीचे पाणी भिऱ्याला उतरले १९२७ साली. तिन्ही ठिकाणची मिळून ताकद सुमारे साडेचारशे मेगावॉट. त्यात एकट्या भिऱ्याचा वाटा तीनशेचा. आजच्या मुंबईच्या भुकेपुढे हा आकडा लहान आहे. पण पाण्याच्या विजेचा एक गुण कोळशाच्या विजेत नाही. कोळशाचे बॉयलर तापायला तास लागतात. पाण्याचे चाक काही मिनिटांत चालू होते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी अख्खी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा वीज पुन्हा आणण्याच्या धडपडीत घाटाखालची ही जुनी केंद्रेही कामाला लागली होती.

इथवर जमेची बाजू झाली. खर्चाची बाजू पाहायला पुण्याहून पौडच्या रस्त्याने मुळशीला जावे.

रस्ता सुंदर आहे यात शंका नाही. पिरंगूट, पौड मागे पडले की डोंगर जवळ येऊ लागतात, आणि मग एका वळणावर दीड किलोमीटरहून लांब दगडी धरण आणि त्यामागे पसरलेले अथांग पाणी दिसते. पुढे ताम्हिणीपर्यंत हे पाणी सोबत करते. काठावर आता बंगले आणि विश्रामगृहे आली आहेत, भजी आणि भाजलेल्या कणसांच्या गाड्या आहेत. या पाण्याखाली मुळशीचे खोरे आहे. आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरे, देवळे, विहिरी, आणि पन्नासच्या आसपास गावे. माणसे दहा-अकरा हजारांच्या घरात. बहुतेक मावळे शेतकरी.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्यांचे पुढारी, विनायकराव भुस्कुट्यांसारखे सहकारी बरोबर. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा. याच लढ्यातून बापट ‘सेनापती’ झाले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त लिहून टाटांना समजुतीने घेण्याचा सल्ला दिला. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. बायकापुरुष तुरुंगात गेले. लढा रेंगाळत १९२४ पर्यंत चालला. अखेरीस बापटांनी कामाची आगगाडी अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झाले ते झालेच. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच त्यांनी या लढ्याला जगातला पहिला धरणविरोधी लढा म्हटले आहे.

हा लढा का हरला, याचे उत्तर नुसते ‘कंपनी बलाढ्य होती’ असे देऊन भागत नाही. कायदा सरकारचा होता, १८९४ चा भूसंपादनाचा, आणि सरकार परके होते, हे तर आहेच. पण खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या किंवा गहाण पडलेल्या होत्या. सावकाराला जमिनीची किंमत हवी होती, कुळाला जमीन हवी होती. भरपाईचा दर वाढताच दोघांच्या वाटा फुटल्या. सभेत टाळ्या वाजवणारे शहर आणि चिखलात उभा असलेला मावळा यांच्यातले हे अंतर आपल्याला काही नवे नाही. आजही एखाद्या प्रकल्पाची सुनावणी असते तेव्हा बोलायला कोण उभे राहतो आणि जमीन कोणाची जाते, एवढे पाहावे.

मुंबईत लोअर परळपासून दादरकडे जाणारा सेनापती बापट मार्ग जुन्या गिरण्यांच्या अंगावरून जातो. ज्या विजेसाठी मुळशी बुडाली तिच्यावर चाललेल्या गिरण्यांच्या दारात बापटांचे नाव आहे. हे कोणी मुद्दाम केले असेल असे वाटत नाही, पण त्या रस्त्याने जाताना मला ते आठवल्याशिवाय राहत नाही. गिरण्या आता बंद पडल्या, तिथे काचेचे मनोरे उभे आहेत, आणि त्यांना गिरण्यांहून जास्त वीज लागते. धरणाच्या काठच्या गावांच्या जमिनीचे आणि पिण्याच्या पाण्याचे प्रश्न मात्र अजूनही अधूनमधून वर्तमानपत्रांत डोके वर काढतात.

दुसरा खर्च नदीचा. पश्चिमेला वळवलेले पाणी भीमेला मिळत नाही. कृष्णेच्या पाणीवाटपाचा निवाडा करणाऱ्या बच्छावत लवादाने या कंपनीच्या वळवलेल्या पाण्यालाही मर्यादा घातली. ती सरासरीने वर्षाला सुमारे ४२ टीएमसी भरते. सोलापूरकडे विहिरी आटल्या की ‘टाटांचे पाणी भीमेत सोडा’ अशी मागणी उठते, आणि ती करणाऱ्याला चूक ठरवणे अवघड आहे. पण दुसऱ्या बाजूला, वीज काढून झाल्यावर हे पाणी कोकणात वाया जाते असेही नाही. भिवपुरीचे पाणी उल्हास नदीत येते आणि बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, डोंबिवलीच्या नळांना उन्हाळ्यात त्याचाच आधार असतो. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत जाऊन तिथल्या कारखान्यांना पोसते. शंभर वर्षांत पाण्याच्या या दुसऱ्या वाटेवर लाखो माणसे वसली. आता पाणी परत वळवायचे तर एक तहान भागवून दुसरी उभी राहील. चूक जुनी झाली की तिच्यावरही घरे बांधली जातात.

तिसरी गोष्ट माशाची, आणि ती सर्वांत गमतीची. मुळा-मुठेच्या पाण्यात, पुण्याच्या पूर्वेला, कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एका माशाची शास्त्रीय नोंद १८३९ साली केली. निळसर परांचा हा दख्खनी महसीर. देहूच्या डोहातले, वारकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेले मासे याच कुळातले. धरणे, जाळी आणि सुरुंग यांनी नद्यांतला हा मासा झपाट्याने घटला. तेव्हा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून या कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तळ्याशेजारी महसीरची पैदास सुरू केली. सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याचे तंत्र बसवले. मादीच्या पोटातून अंडी हळूच दाबून काढायची, नराच्या बीजात मिसळायची, आणि वाहत्या पाण्याच्या पाळण्यात जपायची. पिल्ले बोटाएवढी झाली की देशभरच्या तळ्यांत आणि नद्यांत सोडायची. अशी लाखो पिल्ले इथून गेली. हा मासा आता संकटग्रस्तांच्या आंतरराष्ट्रीय यादीतून बाहेर आला आहे. मुळेला बांध घालणाऱ्या कंपनीने मुळेच्याच माशाला हात दिला, हे कौतुकाचे आहे आणि मी ते मोकळ्या मनाने करतो.

पण निसर्गाच्या वहीत एका रकान्यातली जमा दुसऱ्या रकान्यात खर्च होऊन बसते. लोणावळ्याच्या पैदाशीतले मासे दक्षिणेत कावेरीतही सोडले गेले. कावेरीचा स्वतःचा महसीर वेगळा. पाठीला कुबड असलेला, पन्नास किलोंपर्यंत वाढणारा अजस्र मासा. नवे पाहुणे तिथे फोफावले आणि घरचा मासा मागे हटत गेला. २०१८ साली तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत जाऊन बसला. त्यामागे वाळूउपसा आहे, धरणे आहेत, सुरुंगाची मासेमारी आहे. पण बाहेरून आणलेल्या महसीरचाही वाटा आहे असे अभ्यासक सांगतात. हे कोणी वाईट हेतूने केले नव्हते. मासा तो मासा, नदी ती नदी, अशी त्या काळची समजूत होती.

कोळशाचाही हिशेब इथेच सांगून टाकतो, कारण घाटावरचे पाणी पाहून आलेल्याला वाटते की ही कंपनी पाण्यावरच जगते. तसे नाही. १९५६ साली तिने तुर्भ्याला औष्णिक केंद्र काढले आणि गिरण्यांची धुराडी विझवणाऱ्यांचे स्वतःचे धुराडे चेंबूरकरांच्या डोक्यावर उभे राहिले. पुढे धुरातले गंधक समुद्राच्या पाण्याने धुण्याची यंत्रणाही तिथे बसली. गुजरातेत मुंद्र्याला तिने उभारलेले कोळशाचे केंद्र चार हजार मेगावॉटचे, म्हणजे घाटाखालच्या तिन्ही जलकेंद्रांच्या जवळजवळ नऊपट. हवेत जाणाऱ्या कर्बाचा हिशेब २०४५ पर्यंत शून्यावर आणण्याचे वचन कंपनीने दिले आहे. वीस वर्षांनी आजच्या पोरांनी ते तपासून घ्यावे.

त्या वचनापायी सह्याद्रीकडे पुन्हा पाहुणे येणार आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने राज्य सरकारशी शिरवता आणि भिवपुरी इथल्या दोन नव्या योजनांचा करार केला, मिळून २,८०० मेगावॉटच्या. दुपारी सूर्याची वीज उतू जाते तेव्हा तिच्या जोरावर पाणी डोंगरावर चढवायचे, आणि संध्याकाळी घरोघर दिवे लागले की तेच पाणी खाली सोडायचे. भिऱ्याला लहान प्रमाणावर असे एक यंत्र आधीपासून आहे. पाणी तेच खालीवर होणार, म्हणून नवे खोरे बुडण्याची भीती मुळशीएवढी नाही. तरी बोगदे डोंगरातूनच जातील आणि रस्ते कोणाच्या तरी शेतातूनच. मावळातल्या माणसाला कागद दाखवून नव्हे, त्याच्या अंगणात बसून विचारायला हवे. १९२१ साली ते राहून गेले होते.

ताम्हिणी उतरून भिरा मागे टाकले की कोलाडच्या वरच्या अंगाला कुंडलिका लागते. हिच्या पात्रात ऐन मे महिन्यातही खळाळ असतो, कारण तिचे पाणी वीज काढून सोडलेले, मुळशीचे. सकाळी काठावर रबरी होड्या फुगवून ठेवलेल्या असतात. प्लास्टिकची शिरस्त्राणे आणि केशरी जाकिटे घातलेली मुंबई-पुण्याची मुले दगडांवर बसून चहा पितात. होड्या चालवणारे तरुण आसपासच्या गावांतले. ते वरच्या वळणाकडे नजर लावून असतात. मुंबईला विजेची गरज लागली, वर चाके फिरली, की थोड्या वेळाने इथे खडक बुडू लागतात. मग कोणीतरी हाक देतो, “पाणी आले,” आणि सगळे घाईने होड्यांत चढतात.