पहिले तीन श्वास

शटर अर्धं उचलायचं आणि आत पाऊल टाकण्याआधी गुडघ्यावर बसायचं. सणसवाडीच्या गोडाऊनमधली माझी प्रत्येक सकाळ अशीच सुरू झाली. बघणाऱ्याला वाटे, मी रांजणगावच्या महागणपतीला इथूनच हात जोडतोय. मी वास घेत असे. थिनरमधल्या टोलुइनची वाफ हवेपेक्षा तिपटीनं जड. उभ्या माणसाच्या नाकाशी ती येतच नाही. रात्रभर फरशीवर साचते आणि शटर हललं की पायाजवळून सरकत बाहेर पडते. काय ते पहिल्या तीन श्वासांत कळायचं. चौथ्याला नाक सरावतं. मग डब्यावर कपाळ टेकवलं तरी उपयोग नाही.

गळकं बॅरल कोणीही शोधेल, ओल दिसते. माझं वैर वीस लिटरच्या डब्याशी. पॅलेटचा खिळा अर्धा सूत वर आलेला असतो, हमाल डबा उचलायच्या ऐवजी सरकवतो, आणि तळाच्या शिवणीला सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. दिवसाला चमचाभर थिनर जातं, तेही फरशी ओली व्हायच्या आत उडून. चैत्र-वैशाखात तर डबा दुपारी फुगतो तेव्हाच सुटतो आणि पहाटे गार होऊन साळसूद बसतो. चारशे डब्यांच्या थप्पीतला असा एक. तो मी नाकानं काढायचो. हमाल पैज लावायचे आणि मी फुकटचा चहा प्यायचो. खोटं कशाला बोलू, तो चहा मला पगारापेक्षा गोड लागायचा.

कुरकुंभला माल घेऊन जाताना ड्रायव्हरशेजारी डोळे मिटून बसायचो आणि गाव सांगायचो. न्हावऱ्याजवळ मळी, चौफुल्याच्या अलीकडे गुऱ्हाळाची काहील. पाटस ओलांडलं की मी गप्प. पुढे कुरकुंभच्या वासात इतकी रसायनं मिसळलेली की माझ्यासारख्यानंही शहाणपणा करू नये.

एप्रिल 2021 मध्ये कोरोनानं चौदा दिवस पडून होतो. जीव वाचला, नाक गेलं. कामावर आलो, गुडघ्यावर बसलो, तर नुसती फरशी. कोणाला सांगितलं नाही. बसत राहिलो.

थिनर वाहायच्या या धंद्यात आता कोणीही येतं. चौदा फुटी टेम्पो, त्यात बिस्किटांचे खोके, मागे कोपऱ्यात थिनरचे दहा डबे, आणि बिल्टीवर ‘हार्डवेअर सामान’. तेवीस अंशांखाली पेट घेणारा पेट्रोलियम माल विक्रीसाठी नसला तरी बिनपरवाना तीस लिटरवर ठेवता येत नाही, म्हणजे वीस लिटरचे दोन डबेसुद्धा नाहीत. हे सांगितलं की हसतात. गाडीवर धोक्याच्या मालाची 1263 आकड्याची पाटी लावली तर पोलीस अडवतात, म्हणून पाटीच लावत नाहीत. ड्रायव्हरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण? प्रमाणपत्राची झेरॉक्स असते, माणूस दुसराच. दर मात्र आमच्यापेक्षा कमी, आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे जातं.

मालकांनी माझं नाक जायच्या आधीच वाफ मोजायचा मीटर घेतला होता आणि तो वाचायला न्हावऱ्याची एक पोरगी ठेवली होती, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. मला काका म्हणते. मीटरचा मी पहिल्या दिवसापासून दुस्वास केला, आणि त्यात माझं चूक नव्हतं. टोलुइन हवेत साधारण 1.1 टक्का झालं की पेटू शकतं. मीटर त्याचा कमीत कमी शंभरावा भाग मोजतो, म्हणजे दहा लाखांत एकशेदहा. चांगलं नाक त्याच्या कितीतरी आधी ओरडतं. मीटर शून्य दाखवत असताना मी गळका डबा हातात धरून दाखवलाय. पण ते जुनं नाक होतं.

पुढं वास परत आला, पण वेडावाकडा. पेट्रोल, कांदा, अगरबत्ती, सगळ्यांना एकच करपट वास. गेल्या फाल्गुनात एका सकाळी बसलो आणि छातीत धस्स झालं: थिनर! पोरीनं मीटर फरशीला लावला. शून्य. मी म्हणालो, तुझ्या खेळण्याला काय कळतंय. अख्खी थप्पी उतरवली. एकेका डब्याच्या शिवणीवरून वर्तमानपत्राचा कागद फिरवला. थिनर लागलं की शाई पसरते. कुठेच पसरली नाही. शेवटच्या रांगेला आलो तेव्हा हमाल घामानं निथळत होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

ती मीटर चार्जिंगला लावायला बाहेर केबिनमध्ये गेली. भिंतीवर झाकणं उघडायची पितळी पट्टी लटकलेली असते, ठिणगी उडू नये म्हणून पितळेची. ती घेतली, हमालांकडे पाठ केली आणि एका डब्याचं झाकण कडेनं सैल केलं. मग ओरडलो, “सापडला!” हमालांनी चहा मागवला. आगीपासून गोडाऊन जपायला ठेवलेल्या माणसानं हे केलं.

पोरगी आली, वाकली. झाकणाच्या काठावर पितळेची बारीक पिवळी रेघ उमटली होती. तिनं अंगठ्यानं ती पुसली, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: ‘एक डबा, झाकण सैल. हाताळताना.’ आणि सहीसाठी माझ्यापुढे धरलं.