जेवणानंतरची गोळी

बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात बेळगाव, निपाणी, चिकोडीकडची मराठी पोरं कामाला आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी, ती असते. सोडियम व्हॅल्प्रोएट. फिट येऊ नये म्हणून जेवण झालं की घ्यायची.

ही गोळीबाई मोठी मानी. दमट हवा तिला सोसत नाही. आठवड्याच्या गोळ्या आधीच सुट्या करून डबीत भरल्या, तर त्या ओल धरतात आणि चिकट होतात. म्हणून ऐन वेळी चंदेरी पाकीट फोडायचं, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. तिला चावायचं नाही, कुटायचं नाही, तिची वेळ चुकवायची नाही.

तिचं पूर्वायुष्य साधं होतं. तिचं मूळ आम्ल १८८२ मध्ये तयार झालं आणि ऐंशी वर्षं इतर पदार्थ विरघळवण्याच्या कामी आलं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये पियेर एमार यांच्या लक्षात आलं, की त्यात विरघळवलेला कुठलाही पदार्थ दिला तरी प्राण्यांची आकडी थांबते. म्हणजे गुण त्या आम्लाचाच होता. १९६७ पासून ती तिथे औषध म्हणून मिळू लागली.

पॉवर प्रेसच्या खात्यात शुद्ध क्षणभर हरपली तरी हात जाऊ शकतो. तिथे या गोळीचं मोल कळतं. पण तिची एक खोड आहे. ती अनेकांची भूक वाढवते. काही महिन्यांत पँट कमरेला बसेनाशी होते आणि रात्रपाळीहून खोलीवर आलेला पोरगा मोबाईलवर वजनाचे उपाय शोधत बसतो. सोळा तास उपास, चरबी जाळणाऱ्या पावडरी, किटो. कुणी बेधडक सांगतं, गोळीच सोडून दे.

हा शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो. गोळी एकाएकी बंद केली तर एकामागून एक फिट येऊ शकतात. जागरण आणि त्यावर उपास, यानेही काहींना फिट येते. किटो आहार तर १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी फिटवरच सुचवला होता. पण तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, रक्त तपासत द्यायचा उपचार आहे.

ऑनलाइन सल्ला वाईट नाही, तो देणारा डॉक्टर हवा. मार्च २०२० पासून दूरवैद्यकीय सल्ल्याला देशात नियमावली आहे. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर सरकारी डॉक्टर भेटतात. याच बेंगळुरूत निम्हान्स हे मेंदूच्या आणि मनाच्या विकारांचं मोठं रुग्णालय आहे. बोलायला बसताना पाकीट कॅमेऱ्यासमोर धरावं, फिटच्या तारखा, वजन, कामाच्या पाळीच्या वेळा सांगाव्यात. गरज वाटली तर डॉक्टर औषध हळूहळू बदलतात. वजन न वाढवणारी औषधंही आहेत. गर्भाला धोका असल्याने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ही गोळी शक्यतो देत नाहीत. पण चालू असेल, तर त्यांनीही ती आपल्या मनाने सोडू नये.

आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी पुष्कळ झालं. भात थोडा कमी, डाळ-भाजी जास्त, पायी चालणं, पुरेशी झोप. आणि वजनाची तक्रार न्यायची ती फिटच्या डॉक्टरकडेच. लाजून ती दडवली, की गोळी चोरून सुटते. डॉक्टरांच्या कानावर घातली, तर वजन आणि फिट दोन्हींवर उपाय निघतो.