ऊन चढायच्या आत

होळी झाली की नागपुरात घराघरांतून एकच लगबग सुरू होते. माळ्यावरचा कूलर खाली येतो, वाळ्याच्या जुन्या ताट्या काढून नव्या बसवतात, नवा माठ आणतात. माझं लहानपण महालात गेलं. आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमारास दारं-खिडक्या लागत आणि घर दिवस कलेपर्यंत अंधारात राहत असे. बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि परत आल्यावर पन्हं. उन्हाळा सोसायचा, चुकवायचा, कसाबसा मागे टाकायचा, हेच आम्हाला घरात शिकवलं गेलं.

त्या दिवसांत मोह मी पाहिला तो वाळलेला. रामटेकजवळच्या आजोळी मामा बैलांच्या आंबोणात तपकिरी, सुरकुतलेली फुलं मूठभर टाकायचे. एरवी मोहाचं नाव निघालं की मोठी माणसं आवाज खाली आणायची, कारण दारू. ते फूल झाडावर कसं दिसतं, हे विचारावं असं आम्हा मुलांपैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

मग शिक्षिकेची नोकरी लागली ती कटंगीला, बालाघाट जिल्ह्यात. तिरोडी ते कटंगी रूळ तेव्हा जोडलेले नव्हते. तुमसरहून गाडीने तिरोडी, पुढे बस. १९५६ पर्यंत हा जिल्हा आणि आमचं नागपूर एकाच राज्यात होतं, आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे परमुलखात आले असं वाटलं नाही, पण माझ्या ओळखीचंही काही नव्हतं. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी-मराठीची सरमिसळ आणि घरमालकीणबाईंच्या तोंडी पोवारी. मी त्यांना काकी म्हणायची, त्या मला बाई.

मार्च सरत आला तसे पहिल्या तासाला वर्गातले बाक मोकळे दिसू लागले. जी मुलं येत, त्यांच्या बोटांना चिकट गोड वास असे. काकींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “मोहाचे दिवस आहेत, बाई. उद्या चला माझ्यासंगं.”

दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच आम्ही निघालो. हवेत चक्क गारवा होता. शेताच्या बांधावरचं झाड जवळजवळ निष्पर्ण होतं, फांद्यांच्या टोकांना तेवढे कळ्या-फुलांचे घोस. झाडाखालची जमीन काकींनी आदल्या संध्याकाळीच झाडून ठेवली होती. वरून फुलं पडत होती आणि पडताना टप् टप् वाजत होती, इतकी ती मांसल असतात. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि पहाटेपासून ती गळायला लागतात. सूर्य वर आला की वेचणाऱ्याला घाई करावी लागते, कारण फूल उन्हाने मऊ पडतं आणि गुरंही येऊन पोचतात.

मी एक फूल तळहातावर घेतलं. फिकट पिवळसर, रसाने फुगलेलं, द्राक्षाएवढं. चाखलं तर आधी गोड, मग किंचित उग्र. पण माझं लक्ष गेलं ते त्याच्या बुडाशी असलेल्या गोल भोकाकडे. फुलातला स्त्रीकेसर झाडावरच राहतो, त्याच्याभोवतीचा पाकळ्यांचा पेला तेवढा सुटून खाली येतो. म्हणजे पडलेलं सगळं फूल माणसाने उचलून नेलं तरी वरचं फळ बुडत नाही. पुढे त्याच देठावर फळ धरतं आणि त्याच्या बियांचं तेल निघतं. “भुईवर पडलंय तेवढंच घ्यायचं,” काकी म्हणाल्या, “झाड हलवायचं नाही.” कुठलं झाड कुणाचं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखाली कुणी टोपली टेकत नाही.

जंगलातल्या झाडांकडे जाणाऱ्या बायका घोळक्याने आणि मोठ्याने बोलत जातात. अस्वलालाही मोह प्रिय, आणि त्याचीही वेळ पहाटेचीच. तिथे झाडाखालचा पाला साफ करायला कुणी आग लावतं आणि ती कधी कधी जंगलात पसरते. म्हणून आता वनखात्याची माणसं जाळी अंथरायला सांगतात. आठच्या सुमारास भरलेल्या टोपल्या घरी येतात आणि अंगणभर फुलं पसरतात. पिवळी फुलं उन्हात हळूहळू लालसर, मग तपकिरी होतात. ज्या उन्हाला मी जन्मभर दार लावत आले, ते इथे कामाला जुंपलेलं होतं. मोह संपता संपता तेंदूपत्त्याचं तोडकाम येतं. पन्नास पानांची एक गड्डी, अशा हजार गड्ड्यांचा बोरा. त्या कामालाही माणसं पहाटेच बाहेर पडतात. शेतं रिकामी असतात, भाताच्या पेरणीला अवकाश असतो, तेव्हा हातात पैसा येतो तो या झाडांकडून. माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या वह्या आणि बहिणींची लग्नं त्यातूनच झाली. हे कळल्यावर मी पहिल्या तासाला हजेरी घेणं सोडलं. ती दुसऱ्या तासाला घेऊ लागले.

आता मी पुण्यात मुलाकडे असते. इथला उन्हाळा नागपूरच्या मानाने सौम्य, तरी शेजारी दुपारभर एसी लावून बसतात. मी उजाडायच्या आत टेकडीवर जाते. मार्चमध्ये गिरिपुष्पाच्या झुडपांवर गुलाबी फुलं असतात, एप्रिलमध्ये रस्त्याकडेला बहावा पिवळा होऊ लागतो. मेच्या सुरुवातीला कोपऱ्यावर एक आजी पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसतात. कधी निघालात, असं विचारलं तर म्हणाल्या, “काल दिवसभर जाळीत, आज पहिल्या एसटीनं.” त्यांच्या हातांवर काट्यांचे ओरखडे होते. मी दोन द्रोण घेतले आणि भाव केला नाही.

नव्या गावात रुजायला किती काळ लागतो, असं सूनबाई मला विचारते. तीही परगावची. मी तिला सांगते, पहिल्या उन्हाळ्यात तिथे झाडाखाली काय पडतं ते बघ, आणि ते कोण वेचतं ते विचार. गाव कशावर जगतं, कुणाच्या कष्टावर जगतं, हे त्या दिवसांत उघडं दिसतं. पावसात सगळीकडे हिरवं असतं आणि सगळ्यांना काहीतरी मिळतं. उन्हाळ्यात मात्र देणारी झाडं मोजकी आणि उठणारी माणसंही मोजकी. त्यांची ओळख झाली की ते गाव आपलं व्हायला लागतं.