डायनासोरचा रंग कोणता?

जपानी भाषेत ‘नुरीए’ असा एक शब्द आहे. ‘नुरु’ म्हणजे रंग माखणे आणि ‘ए’ म्हणजे चित्र. काळ्या रेघांनी काढलेले, आत कोरे ठेवलेले, मुलांनी रंगवावे म्हणून छापलेले चित्र म्हणजे नुरीए. मराठीत आपण ‘रंगवायचे चित्र’ म्हणून वेळ भागवतो. आम्ही उभयता कुलाबा जिल्ह्यातल्या मराठी शाळांत शिकलो (त्या जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणतात). आमच्या वेळी रंगपेटी वर्गातल्या एखाद्याच मुलाजवळ असे. बाकीच्यांना पाटी, पेन्सिल आणि चित्रकलेच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर काढलेला आंबा. तो हिरवा रंगवायचा की पिवळा, हेही गुरुजीच सांगत.

मग साठी उलटल्यावर या नुरीएशी आमची एवढी जवळीक कशी झाली, ते वाचकांस सांगतो.

२०२३ च्या मे अखेरीस आम्ही अश्दोदहून जपानला, कोबे शहरी, मुलीकडे गेलो. जावयांची नोकरी तिथे. नातू सहा वर्षांचा, नुकताच पहिलीत बसलेला, कारण जपानात शाळेचे वर्ष एप्रिलात सुरू होते. घरी त्याची हिब्रूत अखंड बडबड. शाळेत मात्र दोन महिन्यांत एक अक्षर नाही. बाईंनी हजेरी घेतली की हात वर करी, प्रश्न विचारला की मान खाली. मुलीने हे फोनवर कळवले नव्हते. तिथे गेल्यावर समजले. आमच्यापैकी एकीने सदतीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली, त्यातली बारा वर्षे मुलांच्या वॉर्डात. अशा मुलाला ‘बोल, बोल’ म्हणून डिवचू नये, एवढे तिला पक्के ठाऊक होते. त्याच्या हाताला काम द्यावे आणि आपण मुकाट्याने शेजारी बसावे.

काम शोधायला लांब जावे लागले नाही. पोरगा डायनासोरवेडा. जून महिना, कोबेला पावसाळा लागलेला, बाहेर खेळणे बंद. तिथे प्रत्येक नाक्यावर चोवीस तास उघडे असणारे दुकान असते. भाताच्या मुठी, छत्र्या, मोजे असे सगळे तिथे मिळते, आणि दाराशी छपाईचे एक यंत्र उभे असते. घरून चित्र पाठवले की आकडा मिळतो. तो यंत्रावर दाबून नाणी टाकली की कागद बाहेर येतो. पहिल्या कागदाच्या आणखी प्रती हव्या असल्या तर तेव्हा एका प्रतीला दहा येन पडत. आजोबा आणि नातू छत्री घेऊन निघत आणि शर्टाच्या आत कागद लपवून परत येत.

ही चित्रे येतात कुठून, हे आम्हाला पुढे कळले. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे जपानातल्या शाळा एकाएकी बंद झाल्या. तेव्हा होक्काइदो बेटावरच्या एका संग्रहालयाने ‘ओउची म्युझियम’ म्हणजे घरातले संग्रहालय अशी कल्पना काढली. मुलांना आमच्याकडे येता येत नाही, तर आम्हीच त्यांच्या घरी जाऊ, असा तिचा भाव. देशभरातली दोनशेहून अधिक संग्रहालये तीत सामील झाली, आणि घरच्या घरी करता येतील अशी कागदी खेळणी, कोडी, रंगवायची चित्रे मोफत देऊ लागली. फुकट वस्तू सहसा टाकाऊ असते, हा आमचा जुना समज. पण ही चित्रे हाडांचा अभ्यास असलेल्या माणसांच्या देखरेखीखाली काढलेली होती. पायाला बोटे किती, शेपूट जमिनीला टेकते की अधांतरी राहते, याची त्यांत काळजी घेतलेली दिसे.

आता खरी गंमत सांगतो. एके दिवशी नातवाने एक भला थोरला लांब मानेचा प्राणी गुलाबी रंगवला. जावई कामावरून आले, पाहून हसले आणि म्हणाले, “अरे, डायनासोर गुलाबी नसतात!” पोराने खडू खाली ठेवला. आम्ही जावयांना काही बोललो नाही, पण रात्री शोध घेतला.

हाडावरून लांबी कळते, वजनाचा अंदाज येतो, दातावरून खाणे कळते. रंग मात्र हाडात राहत नाही. चीनमध्ये पिसांसकट दगड झालेले काही लहान डायनासोर सापडले. त्या पिसांत रंगाचे सूक्ष्म कण शिल्लक होते, आणि कणांच्या आकारावरून रंग ओळखता येतो असे शास्त्रज्ञांनी दाखवले. २०१० साली अशा एका डायनासोरच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे होते असे जाहीर झाले. २०१२ साली दुसऱ्या एकाची पिसे कावळ्यासारखी काळी, झळाळणारी ठरली. असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके डायनासोर सोडले तर बाकी शेकडोंचा रंग जगात कोणालाच ठाऊक नाही. पुस्तकात दिसणारा तो हिरवट-करडा रंग चित्रकाराने मगर आणि हत्ती पाहून दिलेला असतो.

सहा वर्षांच्या मुलाला दिवसभर भोवतालची माणसे दुरुस्त करत असतात. अक्षर असे काढ, चॉपस्टिक अशी धर, बूट इथे काढ. परदेशी मुलाला तर दुप्पट. अशा मुलापुढे एक तरी कागद असा असावा की ज्यावर मोठ्यांना चूक काढताच येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला आम्ही एवढेच सांगितले की याचा रंग तुझ्या बाबांना ठाऊक नाही, बाईंना ठाऊक नाही, संग्रहालयातल्या साहेबांनाही ठाऊक नाही. पोराने खडू उचलला. तो गुलाबी प्राणी आम्ही फ्रिजच्या दारावर लावला. हुबेहूब चिकाच्या हलव्याचा गुलाबी होता.

या कागदांवर टीका करणारेही आहेत, आणि ती टीका जपानात जुनी आहे. यामामोतो कानाए नावाच्या चित्रकाराने १९१९ च्या सुमारास नागानो भागात मोठी चळवळ केली. मुलांना नमुन्याबरहुकूम चित्रे गिरवायला लावू नका, डोळ्यांना दिसेल ते त्यांचे त्यांना काढू द्या, असे त्यांचे म्हणणे. त्याच हवेत ओसाकाच्या साकुरा कंपनीने १९२५ साली मुलांसाठी मऊ तेलखडू काढले, ते आजही तिथे घरोघर आहेत. यामामोतोंचे म्हणणे आम्हाला पटते. दुसऱ्याच्या रेघेत रंग भरून कोणी चित्रकार होत नाही. पण वॉर्डात काम केलेल्या बाईचे मत थोडे निराळे पडते. हाताला सुई टोचलेल्या, अंगात ताप असलेल्या मुलाला कोरा कागद दिला तर तो कोराच राहतो. तेवढे बळ त्याच्यात नसते. रेघ आयती असली की त्याला निदान टेकायला भिंत मिळते. आणि परिचारिकेला त्या कागदावर पुष्कळ काही वाचता येते. दुखत असलेले मूल एक कोपरा रंगवून सोडते. घाबरलेले मूल खडू इतका दाबते की तो मोडतो. ज्या दिवशी मूल “हा रंग नको, दुसरा द्या” म्हणून हट्ट धरते, त्या दिवशी आम्ही आईला सांगत असू की उतार पडला.

आमच्या नातवाने पहिल्या आठवड्यात चार खडू मोडले.

खडूंचीही एक गोष्ट आहे. जपानी खडूंच्या पेटीत पूर्वी एका फिकट रंगाचे नाव ‘हादा-इरो’ होते, म्हणजे कातडीचा रंग. सगळ्यांची कातडी एका रंगाची नसते हे ध्यानी घेऊन कंपन्यांनी २००० सालाच्या सुमारास ते नाव काढून टाकले आणि ‘उसुदाइदाइ’, म्हणजे फिकट नारिंगी, असे साधे नाव दिले. तरी जुने नाव लोकांच्या जिभेवर राहिले आहेच. वर्गातल्या कोण्या मुलाने आमच्या नातवाला तो खडू दाखवून “हा तुझा नव्हे” असे म्हटले होते. ही गोष्ट त्याने आईला सांगितली नाही. आमच्याजवळ टेबलाशी बसून, डायनासोरच्या पोटात रंग भरता भरता, वर न बघता सांगितली. मग विचारले, “आजी, तुझा कोणता?” आजीने पेटीतला तपकिरी खडू उचलून आपल्या मनगटाला लावून पाहिला. जपानीत त्या रंगाला ‘चाइरो’ म्हणतात, म्हणजे चहाचा रंग. चहाला जपानी माणूस ‘चा’ म्हणतो, आणि आमच्या अष्टागरातली म्हातारी माणसेही ‘चा’च म्हणत. ते ऐकून पोर इतके हसले की खुर्चीवरून घसरले. त्या दिवसापासून रंगांची मराठी नावे सुरू झाली. करडा, शेवाळी, मोरपंखी, डाळिंबी, अबोली, विटकरी. हिब्रू आम्हालाही येते, तेव्हा बोलणे अडत नव्हते; पण ही नावे आमच्या मुलीलासुद्धा येत नाहीत, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. ती स्वयंपाकघरातून कान देऊन ऐके.

जूनच्या अखेरीस त्याला खरी हाडे दाखवायची ठरली. फुकुई प्रांतात कात्सुयामा येथे जपानातले डायनासोरांचे सर्वांत नावाजलेले संग्रहालय आहे, पण ते नूतनीकरणासाठी जुलैपर्यंत बंद होते. म्हणून जवळच्या ताम्बाला गेलो. कोबेहून आगगाडीने जाऊन आमागासाकीला गाडी बदलायची, मग डोंगर आणि भातशेती. तिथल्या नदीच्या पात्रात २००६ च्या ऑगस्टमध्ये दोन स्थानिक गृहस्थांना तांबड्या खडकात काहीतरी दिसले. ते निघाले अकरा कोटी वर्षांमागच्या लांब मानेच्या डायनासोरचे हाड. २०१४ साली त्याचे शास्त्रीय नामकरण झाले, ताम्बाटायटॅनिस अमिसिशिए. शेवटच्या शब्दाचा अर्थ मैत्रीचा. त्या दोघांच्या मैत्रीवरून दिलेला. नातवाने रंगवलेला कागद बरोबर आणला होता. सांगाड्याच्या प्रतिकृतीखाली उभा राहून त्याने तो वर धरला आणि बराच वेळ दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिला.

परतीच्या गाडीत त्याने विचारले की तुमच्या गावाला डायनासोर होता का. यरुशलेमजवळ बेत झाइत येथे १९६२ साली डायनासोरच्या पावलांचे ठसे सापडले, हे त्याच्या आईने सांगितले. पण त्याला भारतातला हवा होता. होता ना! चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ डोंगरगाव आहे, तिथे एका मोठ्या डायनासोरचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ साली त्याची नोंद झाली आणि २००३ पासून त्याला इसिसॉरस म्हणतात. ते नाव इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून पडले. पुढचे पाय लांब, मान त्या जातीच्या मानाने आखूड. पण त्याचे रंगवायचे चित्र काही केल्या मिळेना. टिरॅनोसॉरसची शेकडो, आमच्या महाराष्ट्राच्या प्राण्याचे एकही नाही!

आमच्यातले दुसरे जन्मभर ड्राफ्ट्समन होते. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि दोन संध्याकाळी बसून शास्त्रीय आकृत्यांवरून इसिसॉरसची बाह्यरेषा काढली. सांगाड्याबरोबर डोके सापडलेले नाही, म्हणून डोके पुसट तुटक रेघेत ठेवले. नाक्यावरच्या यंत्रातून तीस प्रती काढल्या. पोराने स्वतःची विटकरी रंगवली आणि उरलेल्या शाळेत नेल्या.

त्या दिवशी काय झाले ते बाईंनी मुलीला लिहून कळवले. डायनासोरांची नावे जपानी मुलांना तोंडपाठ असतात, पण हा कोणालाच ओळखू येईना. मुलांनी नातवाला घेरले आणि विचारले, हा कुठला? तो म्हणाला, “इंदो.” जपानीत भारताला इंदो म्हणतात. वर्गात त्याने उच्चारलेला हा पहिला शब्द. मग पुढले दोन दिवस पुन्हा गप्प. तिसऱ्या दिवशी डोके असे तुटक का, म्हणून एका मुलीने विचारले, तेव्हा एक पूर्ण वाक्य बोलला. आम्ही जुलैच्या मध्यास परतलो तोवर एवढेच झाले होते. आता तो तिथल्या मुलांसारखे भराभर जपानी बोलतो, आणि फोनवर आम्हाला रंग विचारतो.

ज्या घरी नातवंडे असतील त्यांनी संपादकांकडे दोन ओळी लिहाव्यात, इसिसॉरसचा कागद पाठवून देऊ. छापताना कागद जरा जाड घ्यावा. पातळ कागदावर तेलखडू मागल्या बाजूला उतरतो. डोक्याची रेघ तुटकच ठेवली आहे, ज्याला जसे हवे तसे त्याने काढावे. खाली एक रिकामी ओळ आहे. तिथे वापरलेल्या रंगाचे नाव मुलाकडून मराठीत लिहून घ्यावे.