मोदिका: पाट्यावरचे चॉकलेट

सिसिली बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात, चुनखडीच्या डोंगरांतील घळींमध्ये मोदिका नावाचे एक नगर वसले आहे. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने ते जवळजवळ जमीनदोस्त झाले. पुढे लोकांनी मधाच्या रंगाच्या दगडातून ते पुन्हा उभारले, आणि २००२ साली युनेस्कोने शेजारच्या सात नगरांसह त्याची जागतिक वारशात गणना केली. वरच्या अंगास अडीचशे पायऱ्यांवर संत जॉर्जचे चर्च आहे. खालच्या अंगास संत पेत्राचे, ज्याच्या पायऱ्यांवर बारा प्रेषितांचे पुतळे रांगेने उभे आहेत. थोरले चर्च कोणते, या प्रश्नावरून दोन्ही धर्मग्रामांत शतकानुशतके चुरस चालली. फेस्ताच्या मानावरून दोन वाड्यांनी अबोला धरल्याची उदाहरणे ज्या वाचकांना ठाऊक आहेत, त्यांना याचे नवल वाटू नये.

पण आज या नगराची कीर्ती पसरली आहे ती चॉकलेटामुळे. १९०२ च्या महापुरानंतर येथील नद्या दगडी छताखाली बंदिस्त करण्यात आल्या, व त्यांवरून आजचा मुख्य रस्ता जातो. त्या रस्त्यालगत बोनायुतो घराण्याचे, १८८० पासूनचे दुकान आहे. तेथे चव पाहण्यास मिळते, आणि पहिली चव गोंधळात टाकणारी असते. चॉकलेट म्हणजे जिभेवर लोण्यासारखे वितळणारे, अशी आपली समजूत. ही वडी मात्र दातांखाली करकरते. रंग काळपट व मंद, तुकडा मोडला तर आतून रवाळ. मग हळूहळू चव उलगडते. दालचिनी आणि व्हॅनिला हे येथील जुने प्रकार. दालचिनीची वडी आपल्या जिभेला लगेच ओळखीची वाटते. मिरचीची वडी प्रथम नुसती कडू-गोड लागते, आणि घास गिळल्यावर घशात ठसका उठतो. संत्र्याची साल, आले, समुद्रमीठ, असे नवे प्रकारही आता निघाले आहेत. त्यांतील काही मला केवळ प्रवाशांच्या हौसेसाठी केलेले वाटले. या प्रदेशात कॅरोबची झाडे पुष्कळ असल्याने तिच्या शेंगांच्या पिठाचीही वडी मिळते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात डुकरे ज्या शेंगा खात होती त्या याच, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. चव गुळचट आहे. त्या पुत्राचे तेवढे काही वाईट चालले नव्हते!

हा रवाळपणा येतो कोठून? कोकोच्या बिया भाजून वाटल्या की त्यांतील मेदामुळे एक दाट लगदा तयार होतो. तो पन्नास अंशांच्या आत कोमट करून त्यात साखर व मसाला मिसळतात, आणि मिश्रण पत्र्याच्या साच्यांत घालून साचे टेबलावर आपटतात, म्हणजे आतील हवा निघून जाते. एवढीच कृती. उष्णता कमी असल्याने साखर विरघळत नाही, असे प्रवाशांना सांगण्यात येते. ते तितकेसे खरे नाही. साखर तुपात विरघळत नाही हे बेसनाचे लाडू वळणारी कोणतीही गृहिणी जाणते. पिठीसाखर घातली तर लाडू मऊ, जाड साखर घातली तर रवाळ. १८७९ साली स्वित्झर्लंडमध्ये रुडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्‌तास घोटण्याचे यंत्र शोधून काढले आणि जगाला मऊ चॉकलेटाची सवय लावली. त्याच्या पुढच्याच वर्षी निघालेल्या मोदिकाच्या दुकानाने ते घोटणे स्वीकारले नाही.

पूर्वी येथे कोको वाटीत तो दगडी पाट्यावर. हा पाटा मेक्सिकोतील, आणि आपल्या पाट्या-वरवंट्याचा सख्खा भाऊ शोभेल असा. मेक्सिकोतील लोक कोकोचे पेय मिरची व व्हॅनिला घालून पीत. सिसिलीवर तेव्हा स्पेनच्या राजांची सत्ता होती, आणि ही कृती स्पॅनिश लोकांबरोबर मोदिकात आली असे मानले जाते. तीच अमेरिकेची मिरची सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून गोव्यास उतरली. आपण ती माशांच्या आमटीत घातली, मोदिकाने चॉकलेटात!

ख्रिस्तसभेलाही या पेयाने बराच विचार करावयास लावला. चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो काय? डोमिनिकन कडक, येशूसंघीय सौम्य, अशी सर्वसाधारण वाटणी होती. कार्डिनल फ्रांचेस्को मारिया ब्रांकाच्चो यांनी १६६४ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन प्रबंधात, पेयाने उपवास मोडत नाही, असा निर्वाळा दिला. मोदिकातही उपवासकाळाची एक आख्यायिका आहे. येथे ‘म्पानातिग्गी’ नावाची करंजी करतात. आकाराने ती आपल्या नाताळच्या नेवरीसारखीच, पण आत बदाम, चॉकलेट, दालचिनी, लवंग आणि बारीक केलेले गोमांस! उपवासकाळात गावोगाव प्रवचने देत फिरणाऱ्या मठवासी धर्मगुरूंची दया येऊन धर्मभगिनींनी मांस असे दडवले, असे सांगतात. मांसाचा वास खरोखरच कळत नाही. त्या धर्मगुरूंना कळत होते की नाही, हे आख्यायिका सांगत नाही.

२०१८ साली युरोपीय संघाने मोदिकाच्या चॉकलेटाला भौगोलिक नामसंरक्षण दिले. आता त्या नगराबाहेर केलेल्या वडीला हे नाव लावता येत नाही. कारागिरांना न्याय मिळाला, हे चांगलेच झाले. परंतु सिसिलीत कोको पिकत नाही. वडी कोठे घडवली ते नाव सांगते. बी कोणाच्या शेतात पिकले ते सांगत नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार, २०१८–१९ च्या हंगामात तेथे सुमारे १५ लाख ६० हजार मुले कोकोच्या शेतीत बालमजुरी करीत होती. कोयत्याने फळे फोडणे, जड ओझी वाहणे, ही त्यांची कामे. वडी घेताना बी कोठले, हा प्रश्न दुकानदारास जरूर विचारावा. चांगला दुकानदार रागावत नाही, उलट कागद काढून दाखवतो.

वेगळा मार्ग पाहण्यास फार दूर जावयास नको. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील पुत्तूर येथे सुपारी व कोको बागायतदारांच्या ‘कॅम्पको’ या सहकारी संस्थेने १९८६ साली स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. त्या भागातील बागांत सुपारीच्या सावलीत कोको वाढतो, आणि सुपारीच्याच खोडावर मिरीची वेल चढलेली असते.