दहापैकी सहा

वाणिज्य शाखेच्या माणसाचा प्राणिसृष्टीशी फारसा संबंध येत नाही. आमच्या अभ्यासक्रमात बैल आणि अस्वल असे दोनच प्राणी होते आणि तेही शेअरबाजारात राहत. त्यांना किती पाय असतात, ते काय खातात, हे परीक्षेत कोणी विचारले नाही. ते लोकांचे पैसे खातात एवढे माहीत असले की पासापुरते मार्क मिळत. अशा माणसावर समुद्रात राहणाऱ्या, करंगळीहून लहान अशा एका प्राण्याचा अभ्यास करण्याची वेळ यावी, आणि तीही समुद्रापासून रस्त्याने चारशेएक किलोमीटरवर, जालना जिल्ह्यातल्या राजूर गावी, याला लोक दैवयोग म्हणतील. बँकेत याला बदली म्हणतात.

राजूर म्हणजे गणपतीचे राजूर. आपल्या महाराष्ट्राला अर्ध्याचा मोठा लळा. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, तशीच साडेतीन गणेशपीठे. त्यांतले हे एक. टेकडीवर राजुरेश्वर बसला आहे आणि खाली आम्ही बसलो आहोत. त्याच्यापुढे अंगारकीला रांग लागते, आमच्यापुढे पेन्शनच्या तारखेला. दोन्हीकडे लोक काहीतरी मागायला येतात. फरक इतकाच की तो कागदपत्रे मागत नाही.

कागदपत्रांवरूनच ही हकिकत सुरू झाली. आठवडी बाजाराच्या पार शेवटच्या टोकाला, वारा जिकडून गावाकडे येत नाही अशा बाजूला, एक मावशी सुकट विकायला बसतात. कोकणात आणि मुंबईकडे ज्याला जवळा म्हणतात, तो वाळला की आमच्या मराठवाड्यात त्याची सुकट होते. (नाव जवळा आणि राहतो एवढा लांब, हा विनोद माझा नाही, ज्याने नाव ठेवले त्याचा असावा.) मावशींना वीस हजार रुपये कर्ज हवे होते. कारण पक्के होते. 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते. नवा माल यायचा थांबतो, भाव चढतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पेरणी-खुरपणीला जाणाऱ्या बायका भाकरीबरोबर नेण्यासाठी सुकट मागतात. मेमध्ये जालन्याहून दोन पोती उचलली तर पावसाळा निभतो. नाही उचलली तर खासगीवाल्याकडून रोजाच्या व्याजाने पैसे आणायचे आणि पावसाळाभर त्याच्यासाठी सुकट विकायची.

2015 साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' नावाचा गट आहे. त्यात पन्नास हजारांपर्यंत कर्ज विनातारण मिळते. मावशींचे वय साठीकडे झुकलेले, पण सरकारदरबारी त्या शिशू ठरल्या. अर्ज भरता भरता गाडी एका रकान्यात अडली: 'मालाचे स्वरूप व सविस्तर वर्णन.' मी 'सुकट' असे लिहिले आणि कागद साहेबांपुढे ठेवला.

साहेब चतुर्थी करणारे. कांदासुद्धा श्रावणात बंद. त्यांनी तो शब्द वाचताना रुमाल नाकाकडे नेला, जणू शाई ओली आहे म्हणून वास येतो आहे.

"वरच्या ऑफिसला हे कळायचं नाही," ते म्हणाले. "नाशवंत आहे का, टिकतं किती, म्हणजे नक्की काय असतं ते, असं सविस्तर लिहा. तुम्ही जाऊन बघून या. मी आलो असतो, पण आज उपास आहे."

मंगळवार नव्हता, चतुर्थी नव्हती, एकादशीही नव्हती. साहेबांनी तो उपास मालाच्या सन्मानार्थ जागेवरच धरला होता.

मी गेलो. मावशींनी पोत्यावर गुलाबट-पांढरी रास मांडली होती. दुरून भुसा वाटतो. वाकून पाहिले की भुशात काळे ठिपके दिसतात. ठिपके एकसारखे आणि जोडीजोडीने. म्हणजे डोळे! वीसेक किलो मालातून हजारो डोळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात आल्यावर माणूस आपोआप सरळ उभा राहतो. ऑडिटर आल्यावर असेच होते.

मी एक मूठ कागदावर घेऊन मोजायला लागलो. स्टॉक म्हटला की नग हवेत.

"साहेब, काय करायले?"

"मोजतोय, मावशी."

"ह्ये मोजायचं नसतं. तोलायचं असतं." आणि त्यांनी ती मूठ पुडीत बांधून माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत. पुडी मी शर्टाच्या खिशात ठेवली. संध्याकाळपर्यंत माझ्या काउंटरवर एकही माणूस विनाकारण रेंगाळला नाही.

आमच्या शेजारी प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. निवृत्त माणसाला त्याच्या विषयातला प्रश्न विचारू नये, हे मला पेन्शनच्या रांगेमुळे ठाऊक होते. पण कर्जाचे काम होते. त्यांनी वाटीत कोमट पाणी घेतले, चार-पाच सुकटी भिजत टाकल्या आणि भिंग आणले. त्यांच्या सौभाग्यवतींनी वाटी कोणती घेतली ते पाहिले आणि ती वाटी कायमची आम्हाला देऊन टाकली.

"ॲसीटस इंडिकस," प्राध्यापक म्हणाले. "1830 साली मिल्न-एडवर्ड्स नावाच्या फ्रेंच माणसानं याचं वर्णन केलं. कोळंबीच्या गोतावळ्यातला, पण चुलत. वाढून वाढून तीन-चार सेंटिमीटर. जिवंतपणी काचेसारखा पारदर्शक. पाण्यात दिसतात ते फक्त डोळे आणि शेपटाकडचे तांबडे ठिपके."

प्राणी पारदर्शक आणि डोळे मात्र काळे कुळकुळीत. आत काय चालले आहे ते सगळ्यांना दिसावे अशी व्यवस्था आमच्या क्षेत्रात फक्त भाषणातून असते. इथे ती दीड इंचात होती.

"हा दशपाद गणातला," ते पुढे म्हणाले. "म्हणजे छातीला दहा पाय. खेकडा, कोळंबी, शेवंड, सगळे त्याच गणातले. मोजा."

मोजण्याचे काम निघाले की माझ्या अंगात बळ येते. मी भिंगातून मोजले. सहा. दुसरा घेतला. सहाच. तिसरा घेतला. वाळताना मोडले असतील म्हणून चौथा घेतला. कॅश जुळत नसली की घशाला जी कोरड पडते ती पडली.

"सहाच भरताहेत," मी म्हणालो.

"बरोबर! याच्या चौथ्या आणि पाचव्या जोड्या नसतातच. गण दशपाद, पाय सहा. जे आहेत त्यांच्या टोकाला मात्र इवले इवले चिमटे."

मी थक्क झालो. रजिस्टरला दहा, हजर सहा! आणि लाखो वर्षे कोणाचीही तक्रार नाही. कुठल्याही कार्यालयात जाऊन पाहा, नेमके हेच प्रमाण आढळेल. आणि तिथल्यासारखेच इथेही हजर असलेल्यांच्या हातात चिमटे. पोहण्याचे खरे काम पोटाखालच्या पाच जोड्या करतात. त्या वल्ह्यासारख्या सतत हलत असतात आणि त्यांचा उल्लेख पदनामात नाही. कामे करणारे लोक पदनामात नसतात हा नियम समुद्रातून आला असावा.

पुढे मिशा. दुसऱ्या जोडीच्या मिशा अंगापेक्षा लांब. नराच्या पहिल्या मिशीला आकडा असतो आणि त्याने तो मादीला धरतो. मादी आकाराने मोठी. हा भाग आमच्या घरात वाचून दाखवला तेव्हा सौभाग्यवतींनी फक्त "बरं" असे म्हटले.

अंग झाकायला कवच असते. कवच वाढत नाही, आतला जीव वाढतो. मग जुने कवच टाकून नवे अंगावर धरायचे. आम्ही खुर्चीवरसुद्धा दरवर्षी घसारा लावतो आणि ती मोडेपर्यंत वापरतो. हा सगळी मालमत्ता एकदम निर्लेखित करून मोकळा होतो. मात्र नवे कवच कडक होईपर्यंतचा काळ वाईट. तेव्हा अंग मऊ असते आणि कोणीही खाऊ शकतो. बदलीनंतरच्या पहिल्या महिन्यात मी हे अनुभवले आहे.

कोळंबीच्या जातीबद्दल प्राध्यापकांनी एक गोष्ट सांगितली, ती मला रात्री झोप येईना इतकी आवडली. त्यांच्या मिशांच्या बुडाशी तोल सांभाळणारी एक खोबण असते. पुष्कळ जाती तिच्यात वाळूचे कण भरून ठेवतात. कण ज्या बाजूला पडेल ती बाजू खालची. कात टाकली की कणही जातात. मग नवे कण शोधून भरायचे. क्रायडल नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने 1893 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: त्याने कात टाकलेल्या कोळंबीला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. तिने बिचारीने तोच भरला. मग त्याने वर चुंबक धरला. झाले! कीस वर ओढला गेला, वर तेच खाली असा हुकूम सुटला, आणि कोळंबी पाठीवर उलटी होऊन शांतपणे पोहू लागली. तिला वाटत होते, आपण सरळ आहोत.

चुंबक वरच्या ऑफिसचा असला तर माणसेही उलटी पोहतात. पण ते असो.

मुख्य प्रश्न होता की एवढासा प्राणी सापडतो तरी कसा. गळाला तो लागणार नाही, आणि त्याच्यामागे होडी घेऊन धावणे म्हणजे डासामागे घोडा सोडणे. आपले कोळी लोक धावत नाहीत. ते डोल लावतात. डोल म्हणजे भल्या थोरल्या शंकूसारखे जाळे, तोंड प्रवाहाकडे करून रोवलेले. भरतीओहोटीचे पाणी आरपार जाते, आणि थव्याथव्याने पाण्याबरोबर वाहणारा जवळा टोकाच्या बारीक जाळीत साठतो. भरतीशी झगडण्याइतके बळ त्याच्यात नाही. धोका दिसला की शेपूट मारून तो उलट्या दिशेने उडी घेतो खरा, पण वाहत्या पाण्यात अशी उडी म्हणजे चालत्या लोकलमध्ये मागे सरकण्यासारखी आहे. स्टेशन चुकत नाही.

तिथून पुढे उन्हात पसरणे, वाळवणे, पोती. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर हा माल मोठ्या प्रमाणावर निघतो. ओल्याला कोळीवाड्यात कोलीमही म्हणतात. बोंबिलाचेही हे आवडते खाद्य, म्हणजे वाळलेला बोंबील खाणारा माणूस एका अर्थी व्याजासकट जवळाच खातो. पूर्वेकडे मलेशियात आणि इंडोनेशियात याच्या भाऊबंदांना मिठात कुटून बेलाचान आणि तेरासी नावाच्या वड्या करतात, आणि त्यांच्यावाचून तिकडच्या चटण्या होत नाहीत. आपल्याकडे कांदा, लाल तिखट, लसूण आणि तवा. कवचासकट खाल्ला जात असल्याने प्रथिनांबरोबर चुनाही पोटात जातो. मटणाचा भाव विचारायची ज्या घरात पद्धत नाही, त्या घरात समुद्र एवढ्या एका पुडीतून पोचतो.

हे सगळे मी रकान्यात लिहिले. रकाना दोन ओळींचा होता, म्हणून चार पुरवण्या जोडल्या. 'माल: वाळवलेला सागरी कवचधारी, गण दशपाद (प्रत्यक्ष पाय सहा, कमतरता नैसर्गिक). कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो. मागणी: पावसाळ्यात वाढती. चोरीची भीती: वासामुळे नगण्य.' शेवटच्या ओळीवर साहेबांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवले. मग न बोलता सही केली आणि हात धुवायला गेले.

वरच्या ऑफिसने नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारला: 'पायांच्या कमतरतेचा मालाच्या मूल्यावर परिणाम होतो काय?' मी उत्तर पाठवले: 'नाही. प्रस्तुत माल वजनावर विकला जातो.' मेचे पंधरा दिवस उरले असताना कर्ज मंजूर झाले. मावशींनी जालन्याहून दोन पोती आणली आणि खासगीवाला त्या मोसमात त्यांच्या पालाकडे दोनदा येऊन नुसताच बसून गेला.

पाऊस सुरू झाल्यावर एका बाजारच्या दिवशी मी मुद्दाम त्या टोकाला गेलो. खुरपणीहून परतलेल्या बायका उभ्या होत्या, पदराच्या गाठी सुटत होत्या. कोणी दहाची मागे, कोणी वीसची. तागडीत एकेक जवळा पडताना काटा ढिम्म हलत नव्हता. मूठ पडली की हलत होता. मावशी प्रत्येकीला तोलानंतर वर एक चिमूट टाकत होत्या. ती चिमूट कुठल्याच हिशेबात येत नाही. तिला कुठल्या शीर्षाखाली दाखवावे हे मला वाणिज्य शाखेने शिकवलेले नाही.

हप्ते वेळच्या वेळी येतात. नोटा दहाच्या, विसाच्या, घड्या पडलेल्या, आणि त्या कुणाच्या हे कॅशियर डोळे मिटून सांगू शकतो. मागच्या महिन्यात तो जरा कुरकुरला, "मावशी, एवढी चिल्लर मोजायची कधी?"

"मोजा की," मावशी माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "ह्ये साहेब तर माझी सुकट मोजत बसले होते."